उजवा डोळा

तळं आधी मला दिसलं,
म्हणून वाटलं, जागाही मीच ठरवणार.
सागाची पानं झडून उतार उघडा पडलेला
आणि खाली पाणी,
बशीत ओतून विसरलेल्या चहासारखं,
जराही न हलणारं.

"इथंच," मी म्हटलं, आणि पोतं उतरवलं.
सानू कासदेकर थांबला नाही.
घोडीही थांबली नाही.

चिखलदऱ्याच्या पॉइंटावर अकरा वर्षं
लोकांची पोरं पाठीवर घेऊन तोच फेरा,
फोटोसाठी त्याच दगडापाशी थांबणं.
डाव्या डोळ्यात पांढरं उतरलं तेव्हा
मालकानं तिच्या कपाळावरचे गोंडे सोडून घेतले
आणि दोर माझ्या हातात दिला.
किती मोजले
ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.
टेम्पोत ती चढेना.
म्हणून परतवाड्यापर्यंत पायी, मधे हा एक मुक्काम.

सानूनं मूठभर गवत उपटून
स्वतःच्या गालावर घासलं.
"कुसळ हाय. तिच्या जिभीले रुतन."
पुढे चांगली गार सावली होती, बिब्याची.
तो काही बोलला नाही,
बाही सारून मनगटावरचा जुना काळा चट्टा दाखवला.
काठाशी गेलो तर चिखलात माझा पाय
घोट्यापर्यंत.
"तुह्या वजनानं एवढं,
त तिच्या वजनानं केवढं?"

मला राग येत होता.
निघताना मी मनात एक चित्र बांधून आणलं होतं:
पाण्यालगत चूल, पाण्यात चांदण्या,
आणि त्यात घोडीही होती, नाही असं नाही,
पण कडेला,
कॅलेंडरवर असते तशी.

"पान्यावर राती समदेच येतेत," सानू म्हणाला.
"आपन एका रातीचे पावने.
त्याइच्या वाटीवर कायले बसाव?"

ऊन डोंगराच्या पाठीवर गेलं.
मग वर, मोहाखाली, एक चादरभर सपाट जागा,
एका बाजूला हत्तीएवढा खडक.
सानूनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला
आणि तसाच फिरला,
ठेचकाळत, मान वळवत,
आवाज आला की अख्खा वळत.
"तू बी कर," म्हणाला.

मी केलं.
अर्धं तळं गेलं.
गेलेल्या अर्ध्यातून एक पाखरू ओरडलं
आणि माझ्या पोटात धस्स झालं.

मग समजलं, तो काय मापत होता.
आंधळी बाजू खडकाला,
उजवी पाण्याकडे, वाटेकडे,
जिकडून कोणी येईल तिकडे.
दोर मोहाला, लांब, पण पायात न अडकेल एवढा.
घोडीनं जमीन हुंगली,
एकदा फुरफुरली,
मागचा एक पाय ढिला सोडला.
सानू म्हणाला, "झालं."
भाकरीचं फडकं सोडलं त्यानं.

माझ्या वाट्याला उरली
खडक आणि घोडी यांच्यामधली फट.
तिच्या न दिसणाऱ्या बाजूची.
"हालाच्या आंधी बोलजो," सानूनं बजावलं,
आणि घोंगडी ओढून
पलीकडे लगेच घोरायला लागला.

तळं तिथून दिसत नव्हतं.
मध्यरात्री खाली कोणीतरी पाणी पीत होतं,
लांब जिभेनं, अजिबात घाई नसल्यासारखं.
घोडीचा कान तिकडे गेला,
तिथेच राहिला,
मग परत आला.

कूस बदलायची तर आधी बोलायचं.
मी आहे गं, म्हटलं.
खडा टोचतोय, म्हटलं.
थंडी वाजतेय,
घरी गोठा आहे, पत्र्याचा, पण कोरडा आहे,
शेजारची रत्नप्रभा कुरकुरेल, लक्ष देऊ नकोस.

पहाटे पहाटे सांगण्यासारखं काही उरलं नाही
आणि खांदा तर अवघडलेला.
तेव्हा तिला किंमत सांगितली.

तिनं कान हलवला.
मी कूस बदलली.